मागचे शॉकअप कमी खर्चात सुधारायचे असतील तर सुरुवात हवा आणि चिमट्यापासून

गाडी मागून आपटते म्हणून थेट नवीन शॉकअपची जोडी आणायला निघू नका. शंभर ते दीडशे सीसीच्या, दोन शॉकअपच्या गाडीत दोष पुष्कळदा शॉकअपच्या आजूबाजूलाच असतो. तो तसाच ठेवून महागडी जोडी बसवली तरी गाडी खडखडतच राहते आणि पैसे वाया जातात.

आधी हवा बघा. टायर थंड असताना, म्हणजे सकाळी गाडी काढायच्या आधी किंवा घराजवळच्या पंपावर, चेनकव्हर किंवा चिमट्यावरच्या (मागचे चाक धरून ठेवणारा, फ्रेमला जोडलेला स्विंगआर्म) स्टिकरवर दिलेल्या आकड्याइतकी हवा भरा. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांच्या आसपास असतो. तेव्हा दुपारी चालून तापलेल्या टायरमध्ये गेज जास्त हवा दाखवतो, आणि त्या भरवशावर कमी भरलेली हवा सकाळी आणखी कमी निघते. एकटे असताना आणि मागे कोणी बसलेले असताना लागणारे आकडे वेगळे असतात, तेही पाळा.

मग चिमटा. गाडी डबल स्टँडवर लावा, मागचे चाक पुढून-मागून दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे झटका द्या. चाक हलते पण चिमटा स्थिर आहे, तर चाकाचे बेअरिंग गेले आहे. चाकाबरोबर चिमटाही फ्रेमपाशी हलतो, तर चिमट्याचे बुश, म्हणजे सांध्यातल्या छोट्या नळ्या, संपले आहेत. हे बुश काही शे रुपयांत येतात, आणि वळणावर गाडी मागून वळवळते ती बहुधा त्यांच्यामुळेच. शॉकअपच्या वरच्या-खालच्या कडीतले रबरी बुशही बघा. रबर चिरलेले किंवा पिनवर सैल झाले असेल तर प्रत्येक खड्ड्यात 'टक' असा आवाज येतो.

आता शॉकअप. सीट जोरात दाबून सोडा. मागचा भाग वर येऊन लगेच थांबला तर डॅम्पिंग, म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरण्याची ताकद, शाबूत आहे. दोन-तीन वेळा झुलला किंवा शॉकअपच्या दांड्यावर ओले तेल दिसले तर शॉकअप गेला. एकच गेला असला तरी जोडी बदला, नाहीतर दोन बाजू वेगवेगळे काम करतात आणि चिमट्याला पीळ बसतो. सीलबंद गॅस शॉकअपला भोक पाडून तेल भरून घेण्याच्या फंदात पडू नका. आत दाबाखालचा नायट्रोजन असतो, तो उडाला तर इजा होते.

शॉकअप ठीक असेल तर खर्च शून्य, फक्त स्टेप लावायची, म्हणजे स्प्रिंगच्या टोकाचे खाचांचे कडे फिरवायचे. लोक पाचव्या स्टेपवर लावून 'कडक केला' म्हणतात, पण स्टेपने स्प्रिंग कडक होत नाही. फक्त गाडीची उंची, म्हणजे स्प्रिंग कुठून दबायला लागते ते बदलते. म्हणून मोजून लावा. डबल स्टँडवर चाक अधांतरी ठेवून एक्सलच्या मध्यापासून सरळ वर सीटखालच्या एका खुणेपर्यंत अंतर घ्या. मग गाडी चाकांवर उभी करा, नेहमीचे हेल्मेट-बॅग घेऊन बसा, पाय वर घ्या, आणि दुसऱ्याला तेच अंतर मोजायला सांगा. दोन्हींतला फरक चाकाच्या एकूण प्रवासाच्या, म्हणजे चाक वर-खाली जितके हलू शकते त्याच्या, साधारण 25 ते 33 टक्के हवा. प्रवास 100 मिमी असेल तर 25 ते 33 मिमी. घर्षणामुळे आकडा फसवतो, म्हणून एकदा सीट दाबून सोडल्यावर आणि एकदा वर उचलून सोडल्यावर मोजा, आणि सरासरी घ्या. हुक पाना घेऊन दोन्ही बाजू एकाच स्टेपवर आणा. शेवटच्या स्टेपलाही फरक जास्त येत असेल तर स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे, आणि तेव्हाच खरेदीचा विचार करा.

स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये रबरी गुटके अडकवणे टाळा. काही वेटोळी काम करेनाशी होतात, स्प्रिंग एकाएकी कडक होते, पण डॅम्पिंग तेवढेच राहते. मग गाडी बेडकासारखी उड्या मारते आणि सिमेंट रस्त्याच्या प्रत्येक जोडावर मागचे चाक रस्ता सोडते. मोठ्या गाडीचा जुना शॉकअप लावण्यातही हाच धोका.

खरेदीला जाताना जुन्या शॉकअपचे माप घेऊन जा: वरच्या कडीच्या मध्यापासून खालच्या कडीच्या मध्यापर्यंत लांबी, बुशचे आतले छिद्र आणि रुंदी. लांबीत 5 मिमीपेक्षा जास्त फरक चालवून घेऊ नका. लांब शॉकअपने मागचा भाग वर जातो, हँडल चंचल होते, डबल स्टँडवर चाक जमिनीला टेकू लागते. आखूड शॉकअपने टायर मडगार्डला घासू शकतो. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीची साधी जोडी दीड-अडीच हजारांच्या आसपास बसते. गॅसची थोडी महाग. गॅसचा फायदा म्हणजे खड्ड्यांच्या रस्त्यावर सतत आपटताना तेलाला फेस येत नाही. पण उन्हाने तेल पातळ होते, ते गॅसने थांबत नाही. बिल घ्या, पॅकिंग तपासा, नकली माल बाजारात असतो.

बसवताना एका वेळी एकच बाजू सोडा, म्हणजे चिमटा दुसऱ्या बाजूवर टेकून राहतो. साइड पॅनेल आणि साडी गार्ड काढा, गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीच तेल मारा, वायसर कोणत्या क्रमाने आहेत त्याचा फोटो काढा. नवीन शॉकअप उभा धरून चार-पाच वेळा दाबा, आत अडकलेली हवा निघते. जुना ज्या बाजूने लावला होता त्याच बाजूने लावा. पिनला पातळ ग्रीस लावा, पण रबराला नको, ते फुगते. नट हाताने बसवा, मग गाडी चाकांवर घ्या, कोणाला तरी बसवा आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कइतके (आवळण्याच्या जोराइतके) शेवटचे आवळा. चाक अधांतरी असताना आवळले तर बसल्यावर रबराला पीळ पडतो आणि ते लवकर फाटते.

यानंतर चेनचा ताण पुन्हा तपासा, उंची बदलली की तोही बदलतो. पावसाळ्यात काटोल, उमरेडकडच्या काळ्या मातीचा चिखल दांड्यावर वाळला की सील फाटते, म्हणून घरी आल्यावर साध्या पाण्याने धुवा. सीलवर प्रेशरचा फवारा मारू नका. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर चारही नट पुन्हा एकदा पान्याने तपासा.