घरातलं जुनं पिस्तूल वारशाने आलं तर काय करावं, आणि त्याचा इतिहास कसा शोधावा

घर, शेत, ठेवी यांची वारस नोंद कशी लावायची हे सांगणारे गावात दहा जण भेटतात. पिस्तूल वारशाने आलं की मात्र सगळे गप्प. मग ते ट्रंकेत, जुन्या धोतराच्या घडीत, वर्षानुवर्षं पडून राहतं. परवाना हा माणसाच्या नावाचा असतो, घराण्याच्या नाही. परवानाधारक वारला की हत्यार घरात ठेवायला कुणालाही कायद्याचा आधार उरत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून विनापरवाना बंदूक-पिस्तूल जवळ बाळगण्याला किमान दोन वर्षांची कैद आहे. त्यामुळे इतिहास कितीही खुणावत असला तरी आधी कायदा उरकायचा. पिस्तूल परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा असलं तरी इतिहासाचं काम अडत नाही, कारण त्यातला बराचसा भाग कागदावरच करायचा असतो.

१. हात लावू नका

‘इतकी वर्षं पडून आहे, त्यात काय असणार?’ असं म्हणणारा एक काका प्रत्येक घरात असतो. त्यांचं ऐकू नका. जुनं काडतूस फुसकं निघेल याची काहीच हमी नाही. ऑटोमॅटिक पिस्तुलाचं मॅगझीन (काडतुसांची पेटी) काढलं तरी एक काडतूस नळीच्या मागच्या खोबणीत शिल्लक राहू शकतं. बहुतेक अपघात तिथेच होतात. चाप, घोडा, खटका काहीही हलवून बघू नका. जिथे आहे तिथेच कुलूपबंद ठेवा. सुटी काडतुसं सापडली तर तीही तशीच राहू द्या. आणि भाच्याला रील करू देऊ नका.

२. कागद शोधा

आता कपाट उपसा. हवं आहे ते परवान्याचं पुस्तक: त्यात परवानाधारकाचं नाव, हत्याराचा प्रकार, बोअर (नळीच्या छिद्राचं माप), नंबर, नूतनीकरणाचे शिक्के आणि काडतूस खरेदीच्या नोंदी असतात. ते नाही मिळालं तर निवडणुकीच्या काळातल्या पावत्या बघा. आचारसंहिता लागली की परवानाधारकांना हत्यारं ठाण्यात जमा करायला लावतात, आणि त्या पोचपावत्या वीजबिलांच्या फायलीत हमखास सापडतात. चार निवडणुकांच्या पावत्यांवर एकच नंबर असेल तर तुमच्या हाती भक्कम पुरावा आला.

कागद मिळाले तर पोलीस ठाण्याला लेखी कळवा आणि हत्यार ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करा. कागद अजिबात नसतील तर आधी फौजदारी वकील गाठा, त्याच्या सल्ल्याने लेखी अर्ज द्या आणि पोलिसांनाच घरी येऊन हत्यार ताब्यात घ्यायला सांगा. पिशवीत घालून रिक्षाने ठाण्यात नेऊ नका. वाटेत कुणी झडती घेतली तर तुमचा चांगला हेतू कागदावर कुठेच नसतो.

पावतीकडे नीट लक्ष द्या. ‘एक जुने पिस्तूल’ एवढंच लिहिलेली पावती घेऊ नका. बनावट, बोअर, नंबर, मुठीचा तडा, गंज, सोबतचा कातडी म्यान, काडतुसांची संख्या हे सगळं लिहून घ्या. दोन वर्षांनी हत्यार परत घेताना मुठी बदललेल्या निघाल्या तर हाच कागद कामाला येतो.

३. वारसाचा परवाना

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा, आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्तांकडे. मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा, बाकीच्या वारसांचं ना-हरकत पत्र आणि मग पोलीस चौकशी. ना-हरकतीवर गाडी सगळ्यात जास्त अडते. बहिणीची सही शेवटी आठवते आणि ती तेव्हा नेमकी रुसलेली असते.

आजोबा हयात असतील तर हे सोपं होतं. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं की हयातीतच वारसाच्या नावावर परवाना मागता येतो. वडीलधाऱ्यांसमोर हा विषय काढणं जिवावर येतं, पण नंतरचे हेलपाटे त्याहून वाईट.

दोन गोष्टी आधी तपासा. एका माणसाकडे दोनपेक्षा जास्त बंदुका-पिस्तुलं ठेवता येत नाहीत, वारशाने आली तरी. आणि बोअर: .३२ चं रिव्हॉल्व्हर नागरिकांना मिळू शकतं, पण .४५५ किंवा ९ मिमी हे प्रतिबंधित बोअर, त्यांचा निर्णय केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. ‘आमचं तर शंभर वर्षांचं, त्याला कसला परवाना?’ हा युक्तिवाद चालत नाही. कायद्याच्या कलम ४५ मध्ये कालबाह्य किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्रांना सूट आहे, पण दुरुस्त करूनही वापरता येणार नाही अशा अवस्थेतल्यांनाच. ते ठरवणं आपलं काम नाही.

४. लोखंडावर काय लिहिलंय

जमा करतानाच, तिथल्या जाणकाराने हत्यारातली काडतुसं काढून ते रिकामं असल्याचं दाखवल्यावर, परवानगी घेऊन फोटो काढा. फ्लॅश नको. टॉर्च तिरपी धरा, म्हणजे झिजलेली अक्षरंही सावलीने उठून दिसतात. नळी, चौकट, सिलिंडर, मुठीचा तळ, सगळीकडे बघा. नंबर कानशीने घासलेला दिसला तर तिथेच थांबा आणि वकिलाला सांगा. ओळखखुणा नसलेलं किंवा खुणा पुसलेलं हत्यार ही कायद्यात वेगळीच भानगड आहे.

खुणा वाचायला लागलं की मजा येते. ब्रिटनमध्ये प्रत्येक नळीची चाचणी होऊन तिच्यावर शिक्का बसायचा. मुकुट आणि खाली ‘बीपी’, ‘बीव्ही’ ही अक्षरं असतील तर ते बर्मिंगहॅमचं चाचणीगृह, १९०४ नंतरचं. लंबगोलात ‘ईएलजी’ म्हणजे बेल्जियमचं लिएज. ‘नॉट इंग्लिश मेक’ असं ठोकलेलं असेल तर माल परदेशी, पण इंग्लंडच्या चाचणीगृहातून गेलेला. टोकदार बाणाची खूण ही ब्रिटिश सरकारी मालाची. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर सरकारी सेवेतून विकून टाकलेला नग. ‘मँटन’, ‘रॉडा’ अशी कलकत्त्याची नावं किंवा मुंबईच्या ‘आर्मी अँड नेव्ही’चं नाव दिसलं तर हुरळून जाऊ नका: ते दुकान, कारखाना नव्हे. पण दुकानाचं नाव म्हणजे हत्यार हिंदुस्थानात कोणत्या वाटेने आलं याचा धागा असतो.

नंबर आणि मॉडेल कळलं की कारखान्याकडे वळा. कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन या अमेरिकी बनावटींसाठी जुन्या नोंदींवरून माहितीपत्र मिळण्याची सशुल्क सोय आहे. नग कधी आणि कुणाकडे रवाना झाला हे त्यात येऊ शकतं. एक पथ्य पाळा: पूर्ण नंबर फोटोसकट फेसबुकवर टाकू नका.

५. घरातल्या गोष्टी तारखांना घासून बघा

‘पणजोबांना साहेबाने खूश होऊन दिलं’ ही गोष्ट खरी असू शकते. पण पिस्तूल वेब्ली मार्क सिक्स (ब्रिटिश लष्करी रिव्हॉल्व्हर) निघालं आणि पणजोबा १९१२ साली वारले असतील, तर गोष्ट तिथेच संपते; ते मॉडेल सैन्यात आलं १९१५ साली. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ असेल तर पहिल्या महायुद्धाची कथा विसरा, ते स्वातंत्र्यानंतरचं. ब्राउनिंग बनावटीचं पिस्तूल सापडलं की नाशिकची आठवण निघतेच. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर ज्या पिस्तुलाने गोळ्या झाडल्या, ते सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर पाठवलेल्या वीस ब्राउनिंगपैकी होतं. पण ब्राउनिंग पिस्तुलं लाखोंनी बनली. नंबराचा पुरावा हाती नसेल तर आपलं पिस्तूल त्या विसांत बसवू नये.

खरा इतिहास बहुधा साधा असतो: फौजदारी, जंगल खातं, सावकारी, संस्थानातली नोकरी, लष्कर. आजोबा मराठा किंवा महार रेजिमेंटमध्ये असतील तर सेवापुस्तक, पेन्शनचे कागद, पदकाच्या कडेवर कोरलेला सैनिक क्रमांक शोधा. संस्थानी घराणं असेल तर पुणे आणि कोल्हापूरच्या पुराभिलेखागारांत, ब्रिटिश मुलखातलं असेल तर मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात अर्ज करता येतो. ‘पिस्तूल’ म्हणून शोधू नका; गाव, तालुका आणि माणसाचं नाव घेऊन शोधा. कागद नाहीतच असंही होतं. १९४८ च्या जाळपोळीत वाडे गेले, १९६१ च्या पानशेत पुरात पुण्यातली कपाटंच्या कपाटं वाहून गेली. अशा घरांत म्हाताऱ्या आत्यांशी बोला, आणि ‘पिस्तूल कुठून आलं?’ असं थेट न विचारता ‘ते कुठे ठेवायचे, कोण पुसायचं, शेवटचं कधी बाहेर काढलं?’ असं विचारा. जागा आठवली की वर्ष आठवतं.

६. परत मिळाल्यावर

पॉलिश पेपर, चिंच, रांगोळी, निकेलचा मुलामा यांतलं काहीही नको. जुना काळसर रंग म्हणजे मळ नव्हे, तो गेला की किंमतही जाते आणि पुरावाही. मऊ फडक्याने हलकं तेल पुरे. कोकणात किंवा मुंबईच्या दमट हवेत कातडी म्यानात ठेवू नका. कातडं ओल धरतं आणि आतून गंज चढतो. म्यान वेगळं ठेवा, त्याच्या आतल्या बाजूला कधीकधी शाईने नाव लिहिलेलं असतं.

ठेवायचंच नसेल तर परवानाधारक विक्रेत्यामार्फत, परवाना अधिकाऱ्याच्या मंजुरीने विका, किंवा वस्तुसंग्रहालयाला विचारा. परदेशातल्या भावाने ‘माझ्याकडे पाठव’ म्हटलं तर सरळ नाही म्हणा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. त्याहून नवी असली तरी इथला निर्यात परवाना आणि तिथला आयात परवाना दोन्ही लागतात. भावाला फोटो, पावत्यांच्या प्रती आणि आत्याबाईंचं रेकॉर्डिंग पाठवा.