सेप्टिक शॉकमध्ये स्टेरॉइड आणि व्हिटॅमिन सी : नाइट ड्युटीवाल्यांसाठी

मिरजेत आयसीयूला नवीन लागलेल्या पोरापोरींनो, रात्री अडीचला तासगावकडनं पेशंट येतो, पायाची जखम चिघळलेली, बीपी लागत नाही, म्हणजे सेप्टिक शॉक (जंतुसंसर्ग अंगभर भिनून बीपी कोसळणं), आणि पेशंटचा पोरगा मोबाईल पुढं करून म्हणतो व्हिटॅमिन सी लावा की डॉक्टर, तेव्हा काय करायचं ते सांगतो.

आधी कल्चर (जंतू कोणता ते बघायला रक्ताचा नमुना) काढा, तासाभरात अँटिबायोटिक गेलंच पाहिजे, सलाईन किलोमागं ३० मिली, तरी मीन प्रेशर (सरासरी बीपी) ६५ ला येईना तर नॉरअॅड्रेनालिन, म्हणजे बीपी वाढवणारं औषध. पू असेल तर सर्जनला तेव्हाच उठवा, सकाळची वाट बघू नका. नॉरअॅड वाढवतच न्यावं लागतंय? मग स्टेरॉइड, म्हणजे हायड्रोकॉर्टिसोन ५० मिग्रॅ दर ६ तासांनी शिरेतून, शुगर बघत राहा.

आता व्हिटॅमिनचं. २०१७ ला अमेरिकेत डॉ. मारिक यांनी स्टेरॉइडसोबत सी १.५ ग्रॅम दर ६ तासांनी आणि थायमिन (व्हिटॅमिन बी१) २०० मिग्रॅ दर १२ तासांनी दिलं, ४७ पेशंटमध्ये मृत्यू ८.५ टक्के, हे न दिलेल्या आधीच्या ४७ मध्ये ४०.४. सगळे हरखले, पण २०२० च्या ‘व्हिटॅमिन्स’ ट्रायलमध्ये फायदा दिसला नाही आणि २०२२ च्या ‘लोविट’मध्ये तर सी दिलेल्यांचंच जास्त बिघडलं. म्हणून सी लावू नका, पोराला शेजारी बसवून हेच नीट सांगा. थायमिन मात्र दारूवाला, उपाशी पेशंट असेल तर जरूर द्या.

बाहेरनं सी सुरू करूनच पाठवलाय? मग ग्लुकोमीटरवर ३२० दिसलं तरी लगेच इन्सुलिन सुरू करू नका, सी मुळं काही मीटर खोटं जास्त दाखवतात, शुगर लॅबलाच पाठवा.