कृष्णेचा पूर : घर सोडताना या चुका टाळा

"धोका पातळी 45 आहे, आत्ता कुठं 38 झालंय." सांगलीत दर पावसाळ्यात हे ऐकायला मिळतं आणि घोळ तिथूनच सुरू होतो. कृष्णेचं पाणी जिथं मोजतात त्या सांगलीच्या आयर्विन पुलाची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45; पण हे आकडे पुलाचे, तुमच्या उंबऱ्याचे नव्हेत. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर भागात 40 व्हायच्या आधीच पाणी शिरतं.

आपल्या दारात आयर्विनच्या कितव्या फुटाला पाणी लागतं, ते गल्लीतल्या जुन्या माणसाला विचारा आणि लाइटच्या मीटरशेजारी ऑइलपेंटनं लिहून ठेवा. त्याखाली दुसरा आकडा लिहा : बाहेर पडायचा रस्ता कितव्या फुटाला बुडतो. पुष्कळदा घराआधी रस्ताच जातो, कारण पाणी ओढ्यातून, गटारीतून उलटं मागून चढतं. रस्त्याच्या आकड्याला तीन फूट बाकी असताना निघायचं. तासाला तीन इंच चढ असेल तर हातात बारा तास, सहा इंच असेल तर सहाच. "हळूहळू वाढतंय" हे काही माप नव्हे.

भिंतीवरच्या जुन्या खुणेवर विसंबणं ही तर हमखास चूक. 2005 चा पूर पाहिलेल्यांनी 2019 च्या ऑगस्टमध्ये त्या खुणेच्या वर सामान रचलं आणि माळ्यावर बसले. आयर्विनला पाणी 57 फुटांवर गेलं. सामान भिजलंच, वर लाइट नाही, प्यायला पाणी नाही. मग शेवटी बोट. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला 8 ऑगस्टला जास्त माणसं चढलेली बोट उलटली आणि लोक बुडाले. "बोट येईलच की" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. कोरड्या पायांनी निघता येतं तोवरच निघणं सोपं.

जनावरं शेवटी हलवू नका. अंधारात, गुडघाभर पाण्यात म्हैस पाऊल टाकत नाही, आणि तिच्यापायी घरातला एक माणूस मागं राहतो. दिवसाउजेडी, वैरणीसकट आधी तीच न्या. न्यायला जमलंच नाही तर दावी सोडा.

नदीपलीकडच्या पाहुण्यांकडे जायचा बेत नको. 2019 ला कोल्हापूरजवळ शिरोलीला पंचगंगेच्या पाण्यानं पुणे-बंगळूर महामार्गच बंद पडला होता.

निघताना मेन स्विच बंद, सिलिंडरचा रेग्युलेटर काढलेला. पाण्यात उभं राहून स्विचला हात लावायचा नाही.