दुकानाचं डोमेन हातचं जाऊ देऊ नका, या चुका टाळा

दिवाळीला तीन आठवडे होते आणि मावशीचा फोन आला, "अरे, आपली साइट उघडली की भलतंच काहीतरी येतंय, जरा येऊन बघ ना." परळला तिच्याकडे पोचलो तर हळदीच्या हातानेच तिनं मोबाइल पुढे केला, काचेवर पिवळी बोटं उमटलेली आणि तिच्याच ब्रँडच्या नावाच्या पत्त्यावर दुसऱ्याच कंपन्यांच्या मसाल्यांच्या जाहिराती, वर एक ओळ, हे डोमेन, म्हणजे साइटचा हा पत्ता, विकायचं आहे. लालबागच्या मिरची गल्लीतून स्वतः मिरच्या निवडून आणून बाईनं चौदा वर्षं हे नाव कमावलंय, फराळाच्या अर्ध्या ऑर्डरी त्या साइटवरून येतात, आणि ते नाव आता कुणा अनोळखी माणसाकडे. मला खरंच रडू यायचं बाकी होतं.

मी छोट्या दुकानदारांच्या साइट बघतो, त्यामुळे सांगतो, मुंबईत असं होणारी मावशी काही एकटी नाही. दुसऱ्यानं कमावलेल्या नावाचं डोमेन अडवून ठेवायचं आणि मग पैसे मागायचे, याला सायबरस्क्वॉटिंग म्हणतात. पण बऱ्याचदा दार आपणच उघडं ठेवलेलं असतं.

सगळ्यात मोठी चूक, डोमेन साइट बनवणाऱ्या पोराच्या नावावर

मावशीची साइट ज्यानं बनवली त्यानं डोमेन स्वतःच्या ईमेलवरून घेतलं. मुलगा चांगला होता, मनात काही नव्हतं, पण पुढे त्याला बंगळुरूला नोकरी लागली, जुना ईमेल त्यानं बघणं सोडलं आणि रिन्यूअलच्या सगळ्या सूचना तिथेच पडून राहिल्या. मावशीला वाटायचं डोमेन विकत घेतलंय, संपलं. डोमेन विकत मिळत नाही हो, ते भाड्यानं असतं, आणि भाडेकरू म्हणून ज्याचं नाव लागलंय त्याचं ते.

म्हणून आजच बघा, रजिस्ट्रारच्या, म्हणजे ज्या कंपनीकडून डोमेन घेतलं तिच्या, खात्याचं लॉगिन तुमच्याकडे आहे का. नुसतं बिल तुमच्या नावावर असून उपयोग नाही, मालक म्हणून नाव तुमचं हवं आणि ओटीपी तुमच्या मोबाइलवर यायला हवा. आणि ईमेल त्याच डोमेनचा देऊ नका, कारण डोमेन बंद पडलं की तो ईमेलही बंद पडतो आणि मग पासवर्ड बदलायचा मेल येणार कुठे? ऑटो-रिन्यू चालू आहे म्हणूनही निवांत राहू नका, कार्ड बदललेलं असतं किंवा बँकेनं मंजुरीसाठी पाठवलेला मेसेज कोणी बघितलेलाच नसतो.

मुदत संपली म्हणजे सगळं संपलं असं समजणं

डॉट कॉमची मुदत संपली की ते लगेच दुसऱ्याला मिळत नाही. आधी रजिस्ट्रारप्रमाणे जास्तीत जास्त ४५ दिवसांपर्यंतची सवलत, मग ३० दिवसांचा रिडेम्प्शन काळ, ज्यात नेहमीच्या फीवर दणदणीत दंड पडतो पण नाव परत मिळतं, आणि शेवटी ५ दिवस, तेव्हा मात्र कोणालाच काही करता येत नाही. एक लक्षात ठेवा, बरेच रजिस्ट्रार पहिल्या सवलतीच्या काळातच नाव लिलावात टाकतात, त्यामुळे ४५ दिवस आपलेच आहेत असं धरून चालू नका. साइट दिसेनाशी झाली त्याच दिवशी रजिस्ट्रारला फोन. आम्हाला कळलं तोवर हे सगळं उलटून गेलं होतं, कारण पावसाळ्यात साइटकडे कोणी बघितलंच नाही.

रागाच्या भरात "किती पाहिजेत?" असा मेल

हे मावशीनं केलं, मी पोचायच्या आधीच. मेल पाठवला, किती पैसे हवेत सांगा. समोरून मोठा आकडा आला.

यात काय बिघडतं ते नीट समजून घ्या. डॉट कॉमसारख्या डोमेनच्या भांडणासाठी आयकॅननं, म्हणजे जगभरच्या डोमेनची व्यवस्था बघणाऱ्या संस्थेनं, १९९९ मध्ये युडीआरपी नावाचं धोरण आणलं. त्यात तक्रार करणाऱ्याला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : ते डोमेन तुमच्या ट्रेडमार्कसारखंच किंवा घोटाळा होईल इतकं जवळचं आहे, समोरच्याचा त्या नावावर कायदेशीर हक्क किंवा रास्त संबंध नाही, आणि त्यानं ते वाईट हेतूनं घेतलं आणि वाईट हेतूनं वापरलंही. ट्रेडमार्कच्या मालकाला खर्चापेक्षा जास्त किमतीत विकायलाच नाव घेतलं, हा वाईट हेतूचा चांगला पुरावा धरला जातो. पण किंमत तुम्हीच आधी विचारलीत तर तो म्हणणार, मी कुठे विकायला गेलो होतो, तेच आले. पुरावा तिथेच कमजोर पडतो.

त्यामुळे आधी स्क्रीनशॉट काढा, पूर्ण पत्ता आणि तारीख दिसेल असे. वेबॅक मशीन ही साइट जुनी वेबपानं जपून ठेवते, तिथे तुमची जुनी पानं शोधा. बिलं, पॅकेटचे फोटो, एफएसएसएआयचे कागद, पहिल्या वर्षीच्या इन्स्टाच्या पोस्ट, सगळं एका फोल्डरमध्ये. पत्रव्यवहार त्यानंतर, आणि तोही वकिलाला दाखवून, कारण समोरच्याला चाहूल लागली की जाहिराती काढून साधं कोरं पान लावायला त्याला दोन मिनिटं लागतात.

चुकीचं दार ठोठावणं

डॉट कॉम असेल तर युडीआरपी, त्याच्या तक्रारी जिनिव्हाची वायपो ही बौद्धिक संपदेची जागतिक संघटना बघते, तक्रारीत पाचपर्यंत डोमेन आणि एक पंच असेल तर फी १५०० डॉलर. डॉट इन असेल तर तिथे जाऊ नका, त्यासाठी डॉट इन सांभाळणाऱ्या निक्सीकडे आयएनडीआरपी नावाचं तसंच धोरण आहे, आणि त्यात एक शब्दाचा पण मोठा फरक आहे, वाईट हेतूनं घेतलं किंवा वापरलं, दोन्हीपैकी एक सिद्ध झालं तरी चालतं. दोन्हीकडे डोमेन परत मिळतं किंवा रद्द होतं. पण युडीआरपीत नुकसानभरपाई मिळत नाही, ती हवी तर कोर्ट. आणि त्या डोमेनवर तुमची खोटी साइट उभी करून कोणी गिऱ्हाइकांचे पैसे उकळत असेल तर वाट बघू नका, आधी १९३० ला फोन.

कोर्टात जायला वेगळा सायबरस्क्वॉटिंगचा कायदा आपल्याकडे नाहीये, पण म्हणून हात बांधलेत असं नाही. १९९९ मध्ये आपल्याच मुंबई हायकोर्टात रेडिफनं एका अक्षराच्या फरकाच्या 'रॅडिफ'विरुद्ध दाद मागितली. समोरच्यांनी सांगितलं की इंग्रजी शब्दांची अक्षरं जोडून हे नाव केलंय, कोर्टाला ते पटलं नाही, आणि डोमेन म्हणजे नुसता इंटरनेटवरचा पत्ता नाही, त्याला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळायला हवं, असं कोर्टानं म्हटलं. २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या 'सिफी' नावाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानंही पासिंग ऑफचा, म्हणजे दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवण्याविरुद्धचा, नियम डोमेनला लागू होतो हे सांगितलं. म्हणजे ट्रेडमार्क नोंदलेला नसला तरी नाव तुम्ही कमावलंय हे दाखवता आलं तर दाद मागता येते. दाखवायचं मात्र कागदावर, नुसतं "सगळ्या परळला माहितीय" म्हणून चालत नाही.

आणि हो, सारखं नाव घेणारा प्रत्येक माणूस चोर नसतो. अमेरिकेत निसान आडनावाच्या माणसानं १९९४ मध्ये स्वतःच्या आडनावाचं डॉट कॉम घेतलं, गाड्यांच्या कंपनीनं १९९९ मध्ये त्याच्यावर केस टाकली, वर्षानुवर्षं चाललं, आणि डोमेन त्याच्याकडेच राहिलं. तुमच्या ब्रँडचं नाव आडनाव किंवा गावाचं नाव असेल, आणि समोरच्यानं ते तुमच्या आधीपासून प्रामाणिकपणे वापरलं असेल, तर सोडून द्या. खोडसाळ तक्रार केली तर पंच निकालात तसं स्पष्ट लिहितात, आणि तो निकाल सगळ्यांना वाचता येतो.

ट्रेडमार्क "नंतर बघू" म्हणणं

एकट्या माणसाला किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी मालाच्या एका वर्गाला ४५०० रुपये आहे, मसाले ३० व्या वर्गात येतात. नुसता अर्ज केला म्हणजे हक्क मिळाला असं नाही, नोंदणीला वेळ लागतो, म्हणूनच नाव ठरलं त्याच आठवड्यात अर्ज आणि डोमेन दोन्ही करा. डॉट कॉम, डॉट इन आणि लोक हमखास चुकवतात ते एखादं स्पेलिंग, एवढी तीन नावं घेतली तरी वर्षाचा खर्च एका फराळाच्या ऑर्डरीत निघतो.

मावशीच्या डॉट कॉमवर १५०० डॉलर घालणं तिला झेपणारं नव्हतं. त्याच संध्याकाळी डॉट इन घेतलं, तिच्या नावावर, तिच्या ईमेलवर, ओटीपी तिच्या मोबाइलवर, आणि पासवर्ड तिनं स्वतः टाइप केला. नव्या पत्त्याचे स्टिकर छापून आणले आणि रात्री दीड वाजेपर्यंत तयार पॅकेटांवर एकेक करून चिकटवले. तो आकडा सांगणारा मेल तसाच आहे, उत्तर दिलेलं नाही. ट्रेडमार्कचा अर्ज अँटॉप हिलच्या ऑफिसात आहे, आणि दर महिन्याच्या एक तारखेला मी त्या डॉट कॉमचा स्क्रीनशॉट काढून तिच्या फोल्डरमध्ये टाकतो.