परसातली जोडखोली: आधी शोषखड्ड्याची जागा

आईवडिलांसाठी किंवा भाड्याने द्यायला परसात एक खोली, स्वयंपाकाचा कोपरा आणि न्हाणीघर बांधायचे तर बहुतेक जण खोलीचा नकाशा आधी काढतात. गोव्यात सुरुवात विहिरीपासून करा. शोषखड्डा, म्हणजे सांडपाणी जमिनीत जिरवणारा खड्डा, विहिरीपासून निदान १५ मीटर दूर हवा. शेजाऱ्याची विहीरही मोजा. दोरी धरून चुन्याने प्रत्येक विहिरीभोवती १५ मीटरचे वर्तुळ जमिनीवर आखले की खोली कुठे बसते ते आपोआप दिसते.

ऑगस्टमध्ये विहिरीचे पाणी जमिनीपासून किती खाली असते तेही पाहून ठेवा. खड्ड्याचा तळ त्या पातळीच्या खाली गेला तर पावसात सांडपाणी जिरत नाही, संडास तुंबतो. अशा ठिकाणी खड्डा उथळ आणि रुंद करावा. संडासाचे पाणी आधी सेप्टिक टाकीत आणि तिथून शोषखड्ड्यात जाते. पाच माणसांना ही टाकी आतून १.५ मीटर लांब, ७५ सेंटिमीटर रुंद आणि पाण्याची खोली १ मीटर एवढी पुरते. येणारा पाइप जाणाऱ्यापेक्षा ५ सेंटिमीटर वर ठेवा.

कागदांत पहिला एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या मालकी-कब्जाची नोंद. त्यावर भावंडे किंवा इतर सहमालक असतील तर त्यांची संमती लेखी घ्या. मुंडकाराची (भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या, कायद्याचे संरक्षण असलेल्या माणसाची) नोंद असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग झोनिंग दाखला (जमीन कोणत्या वापराच्या विभागात येते त्याचा), जमीन बिगरशेती नसेल तर ती तशी करून देणारी सनद, नगर नियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी, आणि शेवटी पंचायतीचा बांधकाम परवाना. जुन्या घराचे क्षेत्रही हिशेबात धरतात: ५०० चौरस मीटर जमिनीवर ४०% आच्छादन (बांधकामाने व्यापलेली जमीन) चालत असेल तर एकूण २०० चौरस मीटर, त्यात घराचे १४० गेले की उरले ६०. समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर सीआरझेडची, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राची, हद्द आधी तपासा.

भिंतींसाठी चिरे (जांभा दगड) घेताना पिवळट-पांढऱ्या मातीच्या गाठी असलेले परत पाठवा. ओल तिथूनच शिरते. लावण्यापूर्वी चिरे भिजवा, नाहीतर ते सिमेंट-वाळूच्या मसाल्यातले पाणी ओढून घेतात आणि सांधे भुसभुशीत राहतात. जोते जमिनीपासून ४५ सेंटिमीटर उंच, त्यावर ओलरोधक थर. कौलांना सुमारे ३० अंशांचा उतार आणि ७५ सेंटिमीटरची वळचण द्या, म्हणजे झडीचे पाणी भिंतीपर्यंत येणार नाही.

काम दिवाळीनंतर लगेच धरा. मेअखेर कौले चढली नाहीत तर उघड्या भिंती चार महिने भिजतात, आणि गिलावा मग पुढच्या हिवाळ्यातच करावा लागतो.