खिचडीचा आठवडा: तिसरी-चौथीच्या एकत्र वर्गासाठी

माझ्याकडे तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसतात. सांगोला तालुक्यातल्या एका वाडीवरची आमची जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा, पट 41. पहिली-दुसरी सरांकडे, वरचे दोन वर्ग माझ्याकडे. दोन्ही इयत्तांचे धडे सुटे सुटे घ्यायला गेलं की एकीला शिकवताना दुसरी ताटकळते. म्हणून वर्षातले काही आठवडे मी एकच गोष्ट धरते आणि भाषा, गणित, परिसर अभ्यास तिच्यातूनच घेते. त्यातला दुपारच्या जेवणाचा आठवडा कसा घ्यायचा ते इथे सांगते. पदार्थ आता रोज बदलतो, पण मुलांच्या तोंडी अजून खिचडीच आहे.

आदल्या शनिवारी तोलकाटा, आइसक्रीमच्या काड्या, रबर, सुतळीचा गुंडा आणि महाराष्ट्राचा नकाशा गोळा करा. स्वयंपाकाच्या मावशींशी आधी बोलून ठेवा, त्यांच्या कामात खोळंबा व्हायला नको. एक नियम पक्का: चुलीजवळ एकही मूल जाणार नाही. सगळं मोजमाप व्हरांड्यात, हात धुऊन, तांदूळ धुवायच्या आधी.

सोमवारी परिपाठ झाला की चारही वर्गांची हजेरी मुलांनाच घेऊन येऊ द्या. आमच्याकडे त्या दिवशी अडतीस मुलं होती. तिसरीतल्या मुलीनं फळ्यावर लिहिलं 83. तिला लगेच चूक म्हणू नका. ‘अडतीस’मध्ये आठ आधी कानावर पडतो, तीस नंतर, तिनं ऐकलं तसंच लिहिलं. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधायला लावा. तीन गठ्ठे आणि आठ सुट्या काड्या समोर आल्या की ती स्वतःच फळा पुसते. एकोणतीस, एकोणचाळीस हेही याच बैठकीत घ्या. तिसाला एक कमी, चाळिसाला एक कमी. तीन गठ्ठे मांडून एक काडी उचलायची आणि मोठ्यानं म्हणायचं. याला मी अख्खा तास देते, कारण इथे कच्चं राहिलेलं मूल पुढे वजाबाकीत अडतं.

मंगळवार हा आठवड्याचा गाभा. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 5 ग्रॅम तेल आणि 50 ग्रॅम भाजी असं प्रमाण फळ्यावर लिहा. त्या दिवशी आमची हजेरी 39 होती. तिसरीनं डाळ काढायची: 39 गुणिले 20, म्हणजे 780 ग्रॅम. चौथीनं तांदूळ काढून किलोत सांगायचा: 3 किलो 900 ग्रॅम. उत्तर मिळालं की वही बंद करून तोलकाट्याकडे चला. पहिल्या वर्षी मी सगळ्यांना एकदम सोडलं. वजनं चौथीच्या चार मुलांच्या हातात गेली आणि बाकीची बघत राहिली. तेव्हापासून चौघांचा गट करते, दोन तिसरीतले, दोन चौथीतले. एकानं ओतायचं, एकानं काटा धरायचा, एकानं आकडा बोलायचा, एकानं लिहायचं, आणि दर किलोला कामं बदलायची. मोजलेला तांदूळ खरोखर त्याच दिवशी शिजणार असतो. काटा जरा कलला तरी मुलं चार दाणे काढतात, दोन घालतात. पुस्तकातल्या उदाहरणाला इतकी काळजी मी कधी पाहिली नाही.

बुधवारी मावशींची मुलाखत. आदल्या दिवशी प्रत्येकाकडून दोन प्रश्न लिहून घ्या. ज्यांचं उत्तर नुसतं ‘हो’ किंवा ‘नाही’ येईल ते बदलायला सांगा. ‘कसं’ आणि ‘का’नं विचारा म्हणावं. आमच्याकडे एकानं विचारलं, “मावशी, मीठ किती टाकता?”

“अंदाजानं.”

“अंदाज म्हंजे किती ओ?”

मावशी हसल्या. मी मिठाचा डबा मागवला आणि मावशींना रोजच्यासारखं मीठ कागदावर टाकायला सांगितलं. अडीच मुठी. वजन भरलं 140 ग्रॅम. दुसऱ्यांदा तसंच टाकायला सांगितलं, तेव्हा 145. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग मुलांनी आपापल्या मुठीत तांदूळ घेऊन आधी अंदाज लिहिला, नंतर वजन केलं. 25 ते 40 ग्रॅमच्या मुठी निघाल्या. चौथीला अंदाज करणं शिकवायचं असेल तर त्यांना याच कागदासमोर बसवा.

गुरुवारी लेखन. प्रत्येकानं खिचडीची कृती लिहायची, ‘धुवा, चिरा, फोडणी द्या’ अशी क्रियापदं वापरून. तपासायचं काम मित्राकडे. तो रिकामं पातेलं घेऊन, लिहिलंय तेवढंच करून दाखवतो. पाणी लिहायचं विसरलं की डाळ कोरडीच राहते आणि लिहिणारा धावत जाऊन ओळ घालतो. शुद्धलेखन दुसऱ्या वाचनाला बघा.

शुक्रवारी प्रश्न असा: आपल्या शिवारात ज्वारी आहे, मग हा तांदूळ कुठे पिकतो? नकाशावर कोकण, मावळ, भोर, भंडारा, गोंदिया दाखवा. जवळ मंगळवेढा दाखवा, तिथली ज्वारी मुलांच्या घरात असतेच. कारण सांगायला सुतळी घ्या. पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात, म्हणून त्याच मापाची सुतळी कापा. आमच्याकडचा वर्षाचा पाऊस पाचशेच्या आसपास, म्हणजे अर्धा मीटर. कोकणातला तीन हजारांच्या घरात, म्हणजे तीन मीटर. लहान तुकडा मुलांच्या मांडीला लागतो. मोठा आम्ही आवारातल्या लिंबाच्या फांदीवरून खाली सोडला. एक मुलगा त्याच्याखाली उभा राहून वर बघत म्हणाला, “बाई, यवढ्यात आपली शाळा बुडंल.” तेव्हा हेही सांगा, की हे पाणी एकदम साठत नाही. ते वर्षभराचं असतं, वाहतं, मुरतं. भाताला मात्र पाणी उभं राहणारं खाचर लागतं. ज्वारी जमिनीतल्या ओलीवर येते. एवढं तिसरीलाही कळतं.

शनिवारी सकाळची शाळा, दप्तर नाही. पहिली-दुसरीच्या मुलांना व्हरांड्यात बोलवा आणि आपल्या मुलांना शिकवू द्या: काड्या, काटा, सुतळी, तीन कोपरे. तुम्ही मध्ये बोलू नका. अडखळणारं मूल वहीत टिपून ठेवा, सोमवारी त्याच्याजवळ आधी बसायचं.

आठवडा संपला तरी तोलकाटा परत करू नका. आजची हजेरी आणि आजचा तांदूळ, हे दोन आकडे रोज फळ्याच्या कोपऱ्यात तिसरीतलं एक मूल लिहील, चौथीतलं एक तपासेल. पाच मिनिटं लागतात. मावशी तो आकडा बघूनच पोत्याचं तोंड सोडतात.