तांब्याच्या कड्यांची साखळी: जोड असा मिटवा

कडी-कडी गुंफून केलेली तांब्याची साखळी दिसते नाजूक, पण तिचं सगळं बळ प्रत्येक कडीच्या जोडात असतं. जोड अर्धवट मिटला की पदर अडकतो, मानेला ओरखडा येतो, मग साखळी सुटते.

कडी डावी-उजवीकडे फाकवू नका, तिचा गोल कायमचा बिघडतो. दोन चपट्या तोंडाच्या, बिनदातांच्या पकडी घ्या. एक टोक पुढे, दुसरं मागे, असंच उघडायचं. मिटवताना टोकं किंचित आत दाबत जोडाच्या थोडं पलीकडे न्या, मग परत आणा. टोकं एकमेकांना घासल्याचं बोटांना कळतं. आपल्याकडे कापूस घरोघरी असतो. थोडा घेऊन साखळीवर फिरवा. जिथे तंतू अडकेल, ती कडी पुन्हा मिटवा. नजरेपेक्षा ही परीक्षा मला जास्त खरी वाटते.

सुरुवातीला १.२ मिमी तार ५ मिमी सळीवर गुंडाळा. एका कडीत चार कड्या जाणारी युरोपियन वीण या मापात छान बसते. कड्या कापायला बारीक करवत बरी, कटरने टोकं चिमटतात.

तार तालुक्याच्या मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे मिळू शकते, पण त्या तारेवर इनॅमल, म्हणजे वीज रोखणारा पातळ लेप, असतं. ते चुलीत जाळू नका, धूर विषारी असतो. बिनइनॅमलची मागा. विदर्भातल्या उन्हाळ्यात घामाने तांबं काळवंडतंच. चिंच-मिठाने घासा, धुऊन लगेच पुसा.